मागल्या तारखेचं मागणं

"रिपोर्ट परवाच आला होता अंकल. मोबाइल नंबर दिला असता तर तेव्हाच पाठवला असता," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने पाकीट काचेखालून पुढे सरकवलं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर पिंकी असं नाव होतं. क्लेमेंटने पाकीट घेतलं, वहीत सही केली, आणि तारीख घालताना त्याचं पेन थांबलं. परवा. म्हणजे मंगळवारी. मंगळवारी संध्याकाळी इनेझ हॉलच्या खिडकीपाशी गुडघे टेकून बसली होती. काल बसली होती. आज पहाटेही, तो दात घासून बाहेर आला तेव्हा, तिची पाठ त्या खिडकीच्या उजेडात तशीच होती. नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, तिने धरली होती, आणि ती मागत होती ते या पाकिटातल्या कागदासाठी. कागद तर मंगळवारीच छापून, घडी होऊन, इथे एका खणात पडला होता. "अंकल, झालं ना?" पिंकीने विचारलं. मागे रांग होती. "झालं," क्लेमेंट म्हणाला, आणि तो शब्द स्वतःच्याच कानाला कसासाच लागला.

मोबाइल नंबर द्यायचा नाही हे इनेझनेच बजावलं होतं. बत्तीस वर्षं तिने मुंबईच्या इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. असे कागद कसे वाचतात हे घरात तिलाच ठाऊक. "रस्त्यात उभं राहून कोणी माझं वाचायचं नाही. पाकीट आण. मी उघडीन." आणि आज तो चपला घालत असताना दाराशी येऊन ती हळूच म्हणाली होती, "वाटेत एक तरी माळ म्हण, क्लेमेंट. माझ्यासाठी नको म्हणूस. कागदासाठी म्हण. माग काहीतरी." त्याने हूं केलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला, रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेला तिचा नवरा रोज मिस्साला जायचा, गुडघे टेकायचा, आभार मानायचा. पण बावीस वर्षांत त्याने देवाकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. लोकांना ती विरक्ती वाटे. एकदा एक फादर प्रवचनात नाव न घेता त्याचं उदाहरणही देऊन गेले होते. क्लेमेंट तेव्हा मान खाली घालून बाकाच्या लाकडातल्या रेषा मोजत बसला होता.

एव्हरशाईन सिटीचे रस्ते त्याला दोन वर्षांत पाठ झाले होते. केनीचा, त्याच्या मुलाचा, फ्लॅट लॅबपासून दहा मिनिटांवर; भुईगावचं घर सोडून तो आणि इनेझ आता तिथेच राहत. औषधाचं दुकान, मोबाइलवाला, शाळेच्या बसेस, मग डावीकडे वळायचं. तो वळला नाही. वळायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. नोव्हेंबरचं ऊन पिठासारखं मऊ होऊन सगळ्यावर पडलं होतं, इमारती त्यात पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलत होत्या, आणि पाय आपले चालत राहिले. आज नाहीतर परवा, काय फरक पडतो, तो स्वतःला समजावत होता. छापलं मंगळवारी, पण इनेझच्या गाठीत जे आहे ते तपासणीची सुई घातली त्या दिवशीही तेच होतं, त्याच्या आधीही तेच. इनेझने नोव्हेना धरली तेव्हाच ती उशिराची होती. हे त्याला आधीपासून कळत होतं. मग त्या पोरीच्या एका वाक्याने आपल्याला धक्का का बसावा? पाकीट त्याने सदऱ्याच्या आत, बनियनला लागून ठेवलं होतं. कागदाचा एक कोपरा श्वासागणिक टोचत होता.

धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रिस्का नावाची एक दोन वेण्यांची मुलगी होती. तिने एकदा हात वर करून विचारलं होतं, "सर, देवाला सगळं येतं ना? मग चार कोनांचा त्रिकोण येतो का?" पोरं हसली. क्लेमेंट मात्र खूश झाला होता. हा आपल्या घरचा प्रश्न. त्याने फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणाला, "हा त्रिकोण. आता चार कोनांचा त्रिकोण काढून दाखव. नाही येत? तुला येत नाही म्हणून नाही येत. काढायला तिथे काही नाहीच म्हणून नाही येत. ती नुसती तोंडाची वाफ आहे. देव पर्वत हलवेल, पण जिथे हलवायला काही नाही तिथे त्याने काय करावं?" प्रिस्काने मान डोलावली, खाली बसली, आणि पुन्हा उठली. "मग सर, झालेलं त्याला न झालेलं करता येतं?" क्लेमेंटच्या बोटांतला खडू तेव्हा मोडला होता. "नाही," तो म्हणाला होता, जरा मोठ्यानेच. "झालं ते झालं. तोही तसलाच त्रिकोण." वर्ग सुटल्यावर तो बराच वेळ फळा पुसत होता. ते उत्तर त्याने प्रिस्काला दिलं होतं खरं, पण त्याआधी दोन वर्षं ते तो रोज स्वतःला देत होता.

शेअर रिक्षाने स्टेशन, पूल उतरून पश्चिमेला, आणि समोर भुईगावची बस उभी. तो चढला, खिडकीशी बसला. आपण का चाललोय हे त्याला अजून नीटसं माहीत नव्हतं. जसं स्वप्नात आपण एखाद्या घरात शिरतो आणि शिरल्यावर कळतं की हे अमक्याचं घर. दुकानं मागे पडली, केळीच्या बागा सुरू झाल्या, कुठेतरी सोनचाफ्याचा वास आला आणि गेला. आणि मग बसच्या धडधडीत ती दुसरी धडधड मिसळली, स्कूटरची.

तो बावीस वर्षांपूर्वीचा पंधरा ऑगस्ट होता. झेंडावंदन झालं, मरियामातेच्या सणाची मिस्सा झाली, आणि पोरं चिंचोटीला धबधब्यावर गेली. पोरं म्हणजे भुईगावची दोनच: सतरा वर्षांचा केनी, आणि शेजारच्या रिचर्डचा ॲल्रॉय, तोही सतराचाच. पावणेदोनला क्लेमेंटच्या घरचा फोन वाजला. पलीकडे कोणीतरी अनोळखी, पावसाचा आवाज, आरडाओरडा. "तुमच्या भुईगावची दोन पोरं होती ना? त्यातलं एक गेलं. एक वाजता घसरलं, आत्ता काढलं." "कोण? नाव काय?" फोन तुटला. रिचर्ड अंगणातून धावत आला होता. "दोघांतलं एक गेलं. नाव नाही सांगितलं," क्लेमेंट त्याला एवढंच म्हणाला. दोघं एकाच स्कूटरवर बसले. पाऊस तोंडावर खड्यांसारखा लागत होता. रिचर्डची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती, त्याची हनुवटी अधूनमधून पाठीला लागत होती. आणि क्लेमेंट मागत होता. ओठ न हलवता, प्रत्येक वळणावर, आयुष्यात कधी मागितलं नसेल असं: केनी नसू दे. केनी नसू दे. हायवेला लागेपर्यंत त्याच्या मनाने, ज्याला दुसरं काही येतच नव्हतं, पुढची ओळ लिहिली. दोघं होते. एक गेला. केनी नाही म्हणजे ॲल्रॉय. त्याला ते अगदी स्वच्छ दिसलं, फळ्यावर दिसावं तसं. क्षणभर तो थांबला. ॲल्रॉयचा बाप पाठीशी थरथरत होता, त्याच्या अंगाची ऊब ओल्या सदऱ्यातून लागत होती. आणि सगळं दिसत असताना, अर्थ कळत असताना, क्लेमेंट पुन्हा म्हणाला: केनी नसू दे.

चिंचोटीच्या पायथ्याला चहाच्या टपरीत केनी बाकावर बसला होता, अंगावर प्लास्टिकचं पोतं, दात वाजत होते. क्लेमेंटला झाला तो आनंद. निव्वळ, लखलखीत आनंद. त्याला आजही दुसरा शब्द सापडत नव्हता. त्याच्या बाजूने रिचर्ड पुढे चालत गेला, जिथे माणसं घोळका करून उभी होती तिकडे.

त्यानंतर रिचर्ड त्याच्या घरी कधी आला नाही. रस्त्यात दिसला तर मान वळवायचा. क्लेमेंटने ओळखलं, याला कळलंय. कसं कळलं, देव जाणे, पण पाठीला हनुवटी लागलेल्या माणसाला कळलं असणार. आणि मग त्याने तो कठडा उभारला ज्याला धरून तो इतकी वर्षं चालत आला: ॲल्रॉय एक वाजता गेला. मी मागितलं पावणेदोनच्या पुढे. मागण्याच्या आधी ते घडून गेलेलं होतं, आणि घडलेलं देवालाही बदलता येत नाही. म्हणजे माझ्या मागण्याने काही झालं नाही. म्हणजे मी फक्त तोंडाची वाफ दवडली. एकदा एका फादरांनी सांगितलं की देवापुढे काल, आज आणि उद्या एकदमच उघडे असतात. आपण रस्त्याने चालतो, तो डोंगरावरून सगळा रस्ता बघतो. क्लेमेंट मिस्सा अर्धी टाकून बाहेर आला होता. कारण तसं असेल तर दोन वाजताचं मागणं एक वाजता त्याच्यापुढे होतंच.

आणि आज इनेझ म्हणते, कागदासाठी माग. बंद पाकिटासाठी मागायचं म्हणजे मान्य करायचं, की घडून गेलेल्यासाठी केलेलं मागणं पोचतं. पोचत असेल तर तेव्हाचंही पोचलं. नाही मागितलं तर इनेझ एकटी. कागदाचा कोपरा टोचत होता. "भुईगाव, भुईगाव," कंडक्टर म्हणाला, आणि क्लेमेंट उतरला.

रिचर्डच्या वाडीतलं बावखल, पावसाचं पाणी साठवायचं ते जुनं तळं, अजून काठोकाठ होतं. काठावर ॲंजेला, रिचर्डची बायको, केळीची पानं धुऊन एकावर एक रचत होती. रिचर्ड जाऊन तीन वर्षं झाली होती. मातीला क्लेमेंट आला होता, पण दफनभूमीच्या फाटकाशीच उभा राहिला होता. ॲंजेलाचं माहेर मिठागराकडचं. या गावात सून म्हणून येऊन तिला पन्नास वर्षं होत आली तरी तिच्या बोलण्यात ण कधी आला नाही.

"मास्तर? तू?" तिने डोळ्यांवर हात धरला. "वाट चुकलास काय?"

"नाही. तुझ्याकडेच आलो."

तिने हात पुसले, त्याला पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं. ते पिऊन त्याने तांब्या खाली ठेवला आणि भांडं फुटावं तसं एकदम सांगून टाकलं. "त्या दिवशी स्कूटरवर मी मागत होतो, ॲंजेला. केनी नसू दे म्हणून."

ती पुन्हा पानांकडे वळली होती. "मग? बाप दुसरं काय मागनार?"

"पण दोघंच होते. केनी नसू दे म्हणजे..."

"म्हंजे माझा. एवढं गनित मला बी येतं, मास्तर." तिने एक पान झटकलं, थेंब बावखलावर पडले आणि हिरव्या पाण्यात वर्तुळं उठली. ते पान तिने रचलं, दुसरं हातात घेतलं. मग म्हणाली, "रिचर्ड तुझ्या पोराचं नाव घेत होता. तुझ्या पाठीमागं बसून. केनी असू दे, केनी असू दे. मरायच्या आधी आठ दिवस मला सांगितलं, तोवर नाय. तुझ्या घरी म्हनून आला नाय कधी. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची त्याला."

क्लेमेंट पाण्याकडे बघत राहिला. वर्तुळं काठाला लागून विरत होती. एकाच स्कूटरवर, एकाच पावसात, दोन मागणी. दोन्ही पुरी करणं कोणालाच शक्य नव्हतं. तो चार कोनांचा त्रिकोण दोन बाप मिळून देवाकडे घेऊन चालले होते, आणि पुढची एकोणीस वर्षं दोघं एकमेकांना चुकवत राहिले होते.

"तुला राग नाही येत?" त्याने विचारलं.

"कोनाचा? तुझा? का रिचर्डचा?" ती त्याच्या बाजूला येऊन टेकली. "पहिली चार वर्षं मी बी मागत होते. झालं ते होऊ नको देऊ. सकाळी उठायचं नि कान लावायचा, आता मोरीत पानी सांडेल, आता शिटी मारेल. ते नाय होत, मास्तर. त्याच्याकडनं बी नाय होत. तुझ्या वर्गात न बसता कळलं मला."

"मग सोडून दिलंस मागणं?"

"सोडते कशाला? दुसरं मागते." ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. "पान्यात गेला त्यानंतर किती वेळ, कोनाला माहीत नाय. तुझा केनी वर होता, त्यानं बघितलं नाय. पाच मिनटं म्हन, दोन म्हन. तेवढ्या वेळात माझ्या पोराला भ्या वाटू नको दे. एवढंच मागते. रोज."

"पण ॲंजेला," क्लेमेंटचा आवाज आपोआप वर्गातला झाला, "ते बावीस वर्षांपूर्वीच ठरलं. भीती वाटली असेल तर वाटली, नसेल तर नाही. आता मागून..."

"ठरलं. मी कुठं नाय म्हनते? पन काय ठरलं ते तुला माहीत हाय?"

"नाही."

"मला बी नाय. आनि ते ठरवताना माझं आजचं मागनं त्याच्यापुढं होतं का नव्हतं, ते तू कसं सांगनार? त्याच्या घरी काय आपल्यासारखं घड्याळ टांगलंय?"

पेपर तपासताना पाहायचा तसं क्लेमेंटने ते पायरी पायरीने पाहिलं. ती झालेलं बदलायला सांगत नव्हती. ती फक्त न दिसलेल्या भागासाठी मागत होती, आणि तो भाग जसा होता तसाच राहणार होता. कदाचित तिच्या मागण्यासकट. त्याने चूक शोधली. सापडली नाही. चूक नव्हतीच. "मग माझंही त्याच्यापुढं होतं," तो पुटपुटला. "एक वाजता. होतंच."

"असेल," ॲंजेला म्हणाली. तिच्या आवाजात सांत्वन नव्हतं. "रिचर्डचं बी असेल. त्यानं कोनाचं ऐकलं, का कोनाचंच नाय ऐकलं, ते त्याला विचार. मी काय सांगू? माझं पोर गेलं, मास्तर." मग तिने पदराने नाक पुसलं. "इनेझ कशी हाय?"

त्याने सदऱ्यातून पाकीट काढलं. घामाने ते थोडं दमट झालं होतं. तिने उलटसुलट पाहिलं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"उघडलं नाय?"

"तिने सांगितलंय, ती उघडणार."

"आनि तू हितं बसलायस? उठ. घरी जा."

परतीच्या बसमध्ये ऊन दुसऱ्या बाजूला आलं होतं. क्लेमेंटने डोळे मिटले. पापण्यांमागे सगळं केशरी होतं, आणि झाडांच्या सावल्या त्यावरून एकेक करून जात होत्या, माळेचे मणी सरकावेत तशा. कठडा आता नव्हता. तो म्हणाला, त्या कागदात काही नसू दे. बावीस वर्षांनी जीभ त्या शब्दांवर अडखळली. आणि म्हटल्याबरोबर ओला सदरा, पाठीवरची ऊब, सगळं त्याच्या अंगावर आलं. ते त्याने येऊ दिलं. होय, मी मागितलं होतं, तो म्हणाला. कळून मागितलं होतं. मग त्याने पहिल्यांदाच ॲल्रॉयचं नाव घेतलं. त्या पोराच्या दोन मिनिटांसाठी, पाच मिनिटांसाठी त्याने मागितलं, आणि मागता मागता त्याला धबधब्याखालचा डोह दिसला, वर खळाळ आणि खाली शांत, हिरवा, अगदी बावखलासारखा. त्यानंतर आणखी एक मागणं आपसूक आलं, ज्याचा त्याने आधी विचारही केला नव्हता. बस वसईत शिरली तेव्हा त्याच्या मांडीवर ऊन पडलं होतं आणि तो शेजारच्या बाईला दिसेल इतका रडत होता. तिने नजर खिडकीबाहेर वळवली.

इनेझने दार उघडलं. "चार तास लागले तुला," एवढंच म्हणाली. पाकीट घेतलं, स्वयंपाकघरातून सुरी आणून कड नीट कापली, चष्मा लावला आणि खिडकीपाशी उभी राहून वाचू लागली. क्लेमेंटला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बत्तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांसमोर असेच कागद वाचलेला तो चेहरा. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिल्यावर आली.

"आहे," ती म्हणाली. "कॅन्सर आहे. पण लहान आहे, लवकर सापडलाय. ऑपरेशन करतील. मग बघू." तिने कागद घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला आणि खुर्चीवर बसली. जरा वेळाने म्हणाली, "मागितलंस का वाटेत?"

"मागितलं."

"काय?"

"कागदात काही नसू दे म्हणून."

"हं." ती किंचित हसली. "नाही ऐकलं तुझं."

"नाही ऐकलं." तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, गुडघे कुरकुरले. "आणखी एक मागितलं. त्या दिवशी तुला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसून राहिलो. सुई घालताना तू एकटी होतीस. तेव्हा तुला भीती वाटू नये, असं."

इनेझने चष्मा काढला. "तेव्हा? त्याला बारा दिवस झाले, क्लेमेंट."

"माहीत आहे."

तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या. खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. "वाटत होती," ती हळूहळू, आठवून आठवून बोलू लागली. "कपडे बदलताना माझे हात कापत होते, नाडी बांधता येईना. नर्सची नोकरी केली मी, आणि नाडी बांधता येईना. मग टेबलावर निजले. भिंतीला पोपटी रंग होता. त्याच्याकडे बघत होते. आणि एकदम... काही नाही. आमच्या आजीकडे दुपारी झोपायचो ना आम्ही, तसं. सुई कधी घातली कळलं नाही. मला वाटलं भुलीच्या इंजेक्शनचं असेल."

इंजेक्शन आधी दिलं की ते वाटलं आधी, हा प्रश्न क्लेमेंटच्या अगदी ओठांपर्यंत आला. साधा प्रश्न होता. तिला नक्की आठवलं असतं. त्याने तो विचारला नाही. कदाचित ती त्याच्यासाठी म्हणून बोलत असेल. तेही त्याने विचारलं नाही. त्याने तिचा हात धरला. हात थंड होता, आणि कापत नव्हता.

"केनीला मी सांगते," इनेझ म्हणाली. "तू सांगायला लागलास की फार लांबवतोस. फोन दे." तिने नंबर लावला, फोन कानाला धरला, आणि दुसरा हात तसाच त्याच्या हातात राहू दिला.